त्या रकान्यात ‘नाही’

मोटारीच्या विम्याचा जुना प्रपोजल फॉर्म ज्यानं हातानं भरलाय, त्याला त्यातला एक प्रश्न आठवत असेल. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, कोणत्या सालची, किती टनाची, हे सगळं झालं की शेवटी चालकाबद्दल चार ओळी असायच्या. वय काय? नजर किंवा कान अधू आहे का? आणि मग तो प्रश्न: या चालकाच्या हातून पूर्वी अपघात झालाय का, शिक्षा झालीय का, खटला चालू आहे का? असल्यास तपशील द्या. तपशिलासाठी आखलेली कोरी जागा. पस्तीस वर्षांत काही हजार फॉर्म माझ्या हाताखालून गेले असतील. ती जागा मी एकदाच भरली, आणि तो फॉर्म परत आला.

त्याची गोष्ट पुढं सांगतो. आधी टेबल कुठं होतं ते सांगायला हवं. सोलापूरच्या भवानी पेठेत, तुळजापूर रोडला लागून, रूपाभवानीच्या देवळाकडं जाणाऱ्यांच्या वाटेवर. एका टायपिंगवाल्याच्या दुकानाबाहेर मी १९८३ साली लोखंडी टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या. महिना चाळीस रुपये भाडं, आणि पावसाळ्यात टेबल आत घ्यायची मुभा. पेठ यंत्रमागांची. दिवसभर खटखट चालू, इतकी की ती थांबली की माणसं दचकून बाहेर येत, लाइट गेली म्हणून. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती, जोडभावी पेठ, सगळीकडून चादरींच्या आणि टॉवेलांच्या गाठी ट्रकमध्ये चढत. गिऱ्हाईक घरात तेलुगू बोलणारं, नाहीतर कन्नड, नाहीतर दखनी, माझ्याशी मराठीत. कुणी अण्णा, कुणी अप्पा, कुणी मामू. फॉर्म मात्र इंग्रजीत. सही करणाऱ्याला त्यात काय लिहिलंय ते कळत नसे, आणि समजावून सांगायला एजंटाला वेळ नसे. आमच्या धंद्याचं निम्मं पाप तिथंच आहे.

धंदा मला चुलत्यांनी लावून दिला. ते १९६२ पासून विमे उतरवत. मराठी माणसाला विमा म्हटलं की आयुर्विमाच आठवतो, त्याला कारणही आहे. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. तेव्हापासून आपल्या मुलखात मास्तराच्या, कारकुनाच्या घरी विमा एजंटाचं येणंजाणं सुरू झालं. चहा पिऊन, पोरांची चौकशी करून तो हप्ता नेई. मोटारीचा विमा असा कुणी आपुलकीनं घेतला नाही. तो सरकारनं घ्यायला लावला. ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्यानं तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाला होता. त्याच वळणावर आपल्याकडं १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, पण त्यातलं विम्याचं आठवं प्रकरण लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला.

या कायद्यानं विचारलं ते एवढंच: गाडी रस्त्यावर आली तर तिच्यावर विमा आहे का? ती कोण चालवतो, कशी चालवतो, हा प्रश्न लायसन देणाऱ्याचा. विमा गाडीला चिकटला, माणसाला चिकटला नाही. आजही तसाच आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे तिऱ्हाइताच्या विम्याचा, दर ट्रकला टनावर, मोटारीला आणि दुचाकीला सीसीवर. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात गाडीचं वय, किंमत आणि ती कुठल्या शहरात नोंदलीय तेही बघतात. टॅरिफच्या पुस्तकात मुंबई-पुण्याचा वर्ग वेगळा, सोलापूरचा वेगळा. पुण्याची मोटार जास्त ठोकते असा हिशेब कंपन्यांनी मांडला होता. पुण्यातला कोणता माणूस जास्त ठोकतो, हा मांडला नव्हता.

आणि विम्याची मर्यादा केवढी? मालट्रकच्या धडकेत माणूस गेला, तर कंपनीवरची कायद्याची जबाबदारी आधी वीस हजार रुपयांपर्यंत होती. मार्च १९७० पासून ती पन्नास हजार झाली, १ ऑक्टोबर १९८२ पासून दीड लाख. मी टेबल मांडलं ते या दीड लाखाच्या दिवसांत. पुढं १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला आणि मृत्यूच्या, जखमेच्या भरपाईवरची मर्यादाच गेली. त्यानंतर कोर्ट ठरवील ती रक्कम कंपनीची. हा बदल वर्तमानपत्रात कोपऱ्यात आला असेल. पण पुढं वीस वर्षं ट्रकच्या विम्याचं जे रामायण झालं, त्याची सुरुवात इथं आहे.

चुलत्यांच्या काळी देशात शंभरावर जनरल विमा कंपन्या होत्या. एकच एजंट दोन-तीन कंपन्यांची पुस्तकं बाळगायचा आणि गिऱ्हाईक बघून पुस्तक काढायचा. आपल्या कमिशनमधले काही रुपये मालकाच्या हातावर परत ठेवायची रीत होती. त्याला रिबेट म्हणत. विमा कायद्याच्या ४१ व्या कलमानं तो गुन्हा आहे. चुलते म्हणायचे, "गुन्हा आहे म्हणून तर पाकिटात घालून देतो." १३ मे १९७१ ला सरकारनं सगळ्या जनरल कंपन्यांचा कारभार ताब्यात घेतला, आणि १ जानेवारी १९७३ पासून एकशे सात कंपन्यांच्या चार झाल्या: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया. दर चौघींचा एकच. मग गिऱ्हाइकानं कुठला एजंट धरायचा तो कशावरून? तर त्याच्या ओळखीवरून, चहावरून, आणि अपघात झाल्यावर तो पंचनाम्याच्या जागी येतो की नाही यावरून. चुलते यायचे. रात्री दोनला सायकलवर बॅटरी लावून यायचे. माझ्या वाट्याला आलेली सगळी गिऱ्हाइकं त्या सायकलची कमाई.

आता चुलत्यांच्या पेन्सिलीची गोष्ट. जुन्या ट्रकचा विमा उतरवायचा, त्यातही आधीची पॉलिसी संपून गेलेली असली, तर गाडी डोळ्यांनी बघायची आणि चेसिसच्या नंबराची छाप घ्यायची, असा चुलत्यांचा दंडक होता. पुढच्या उजव्या चाकाजवळ चेसिसच्या पट्टीवर नंबर ठोकलेला असतो. त्यावर वंगण आणि धूळ यांचा काळा थर. घासलेटचा बोळा फिरवून तो साफ करायचा, पातळ कागद ठेवायचा, अंगठ्यानं दाबायचा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासायची. एकेक आकडा पांढरा उमटत वर येतो. कागद हलला की आकडे दुहेरी होतात, मग पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटांचं काम. पण त्या दहा मिनिटांत चाकाजवळ उकिडवं बसून एजंट जे बघायचा ते फॉर्मात कुठंच नव्हतं: टायर किती झिजलेत, डाव्या अंगाला खरचटलंय का, आरसा आहे की नुसती दांडी, आणि किन्नर ड्रायव्हरकडं कोणत्या नजरेनं बघतोय. किन्नर म्हणजे क्लीनर, आमच्याकडचा शब्द. ड्रायव्हर कसा आहे हे किन्नराइतकं कुणालाच माहीत नसतं. "झोपतंय का रे कधी तुझं वस्ताद?" असं हळूच विचारलं, की तो हसायचा किंवा हसायचा नाही. मला तेवढं पुरायचं.

१९९२ च्या उन्हाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमाराला एक ट्रकमालक टेबलाशी आला. हा मालक स्मरणपत्र पाठवूनही पंधरा दिवस न फिरकणारा. त्या दिवशी स्वतःहून आला, स्वतःच चहा सांगितला, हप्त्याचे पैसे रोख मोजून ठेवले आणि म्हणाला, "कव्हर नोट फाडा. तारीख आजची टाका, वेळ ऱ्हाऊ द्या मोकळी."

कव्हर नोट म्हणजे पॉलिसी येईपर्यंतचा विम्याचा तात्पुरता कागद. त्यावरच्या वेळेचं महत्त्व त्याला वकिलानं सांगितलं असणार. १९९० साली सर्वोच्च न्यायालयानं रामदयाल प्रकरणात असं धरलं होतं, की पॉलिसीवर नुसती तारीख असेल तर विमा त्या दिवशीच्या आधीच्या मध्यरात्रीपासून सुरू झाला असं समजायचं. म्हणजे सकाळी अपघात, संध्याकाळी विमा, आणि वेळेची जागा कोरी, तर सकाळचा अपघातही विम्यात. त्या कोऱ्या जागेला अचानक भाव आला. पुढं कोर्टानंच ते दार लावलं. सुनीता राठी प्रकरणात अपघात १० डिसेंबर १९९१ ला दुपारी दोन वीसला झाला होता आणि कव्हर नोट त्याच दिवशी दोन पंचावन्नला निघाली होती. पस्तीस मिनिटं. वेळ लिहिलेली होती म्हणून कंपनी सुटली आणि भरपाई मालकावर आली.

मी पेन्सिल आणि कागद घेऊन उठलो. म्हटलं, "चला, छाप घेऊ. गाडी कुठं लावलीय?"

मालक चहाच्या बशीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "नळदुर्गजवळ हाय."

"लोड घेऊन गेलीय?"

"न्हाई. पडलीय."

मी कव्हर नोटचं पुस्तक खणात ठेवलं. तो माणूस चिडला नाही, हे मला अजून आठवतं. त्यानं पैसे उचलले, माझ्याही चहाचे पैसे दिले आणि गेला. पुढं त्याला कुठून तरी कागद मिळाला असं कानावर आलं. खरं-खोटं मी तपासलं नाही. त्या काळात आमच्या व्यवसायात असे कागद देणारी माणसं होती. मी हे टाळलं ते फार सज्जन होतो म्हणून असं कुणी समजू नये. गाडी बघितल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही ही चुलत्यांची सवय अंगात मुरली होती, आणि त्या दिवशी सवयीनं वाचवलं.

आता तो परत आलेला फॉर्म. साल १९८७. मड्डी वस्तीतले एक अप्पा, एका ट्रकचे मालक. देवाधर्माचे, खोटं न बोलणारे. त्यांच्या ड्रायव्हरच्या हातून आधीच्या मालकाकडं असताना दोन अपघात झाले होते, एकात माणूस गेला होता, खटला चालू होता. अप्पांना हे माहीत होतं. ड्रायव्हर त्यांच्या बहिणीकडचा, म्हणून ठेवला होता. मी सवयीनं त्या रकान्यात ‘नाही’ लिहायला पेन टेकवलं, तर अप्पांनी माझा हात धरला. "काय विचारलंय त्यात?" मी सांगितलं. म्हणाले, "मग खरं ते लिही की. उद्या कोर्टात शपथ घ्यायची आली तर?" मी लिहिलं. दोन ओळी झाल्या. त्या कोऱ्या जागेत शाई उमटलेली बघून मलाच चमत्कारिक वाटलं.

फॉर्म ऑफिसात गेला. कोणत्या कंपनीच्या, ते सांगत नाही. दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. टॅरिफचं पुस्तक उघडून माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "यात दाखवा, ड्रायव्हरनं माणूस मारला असेल तर थर्ड पार्टीचा किती जादा आकार लावायचा?" अशी ओळ पुस्तकात नव्हतीच. दर टनावर. "मग हे लिहून माझ्या टेबलावर कशाला आणलंत? मी हप्ता वाढवू शकत नाही, नाही म्हणू शकत नाही, आणि उद्या ऑडिटवाला विचारणार की माहीत असून पॉलिसी दिली कशी. दुसरा फॉर्म भरून आणा." मी दुसरा फॉर्म भरला. अप्पांना पुन्हा सहीला बोलावलं, तेव्हा रकान्यावर माझा तळहात होता.

साहेब चुकीचे होते असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही पुरतं वाटत नाही. प्रश्न छापणाऱ्यानं उत्तराचं काय करायचं ते ठरवलं नव्हतं. पण त्याचा परिणाम असा झाला, की जोखमीचा ड्रायव्हर कोण ही माहिती कंपनीच्या एकाही कागदावर आली नाही. ती राहिली पेठेत. कोजागरीला तुळजापूर रोडवर वाहनांना बंदी असते. रस्ता देवीला पायी जाणाऱ्यांचा होतो. त्या रात्री तुळजापूरच्या वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, जीपा उभ्या राहायच्या आणि ड्रायव्हर मंडळी माझ्या टेबलाभोवती बसायची. कोण पिऊन चालवतो, कुणाला रातांधळं आहे आणि ते लपवलंय, कुणी कुठं सायकलवाल्याला उडवून गाडी थांबवली नाही, सगळं तिथं बोललं जायचं. मी ऐकायचो. एखाद्या मालकाला दुसऱ्या दिवशी म्हणायचो, "मालक, त्याला रात्रीच्या खेपेला पाठवू नका." ऐकणारे ऐकत. अमेरिकेत ज्याला धोकादायक चालकाचा विमा म्हणतात, तो भवानी पेठेत एवढाच होता: एजंटाचा एक सल्ला, तोही फुकट.

अमेरिकेचं मला भाच्यामुळं कळलं. तो न्यू जर्सीत असतो. वेगाची पावती मिळाली आणि वर्षाचा हप्ता वाढून आला, तेव्हा त्यानं मला फोनवर विचारलं, "मामा, तुमच्याकडं असं असतं का?" मग त्यानंच सांगितलं की तिथल्या बऱ्याच राज्यांत दारू पिऊन सापडलेल्या किंवा विम्याशिवाय गाडी चालवणाऱ्या माणसाला एसआर-२२ नावाचा दाखला लागतो, या माणसावर विमा आहे हे कंपनीनं सरकारला कळवायचं. असल्या चालकांना विमा देणाऱ्या कंपन्या वेगळ्या, त्यांचे एजंट वेगळे. मी त्याला म्हटलं, आमच्याकडं धोकादायक माणूस नसतो, धोकादायक गाडी असते.

आणि ती गाडी म्हणजे ट्रक. १९८९ नंतर भरपाईला मर्यादा नाही, हप्ता मात्र सरकारी दरानं बांधलेला. विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं. १९९९ चा कायदा, २००० साली कंपन्या आल्या. नव्या मोटारीला त्या पायघड्या घालायच्या. पंधरा वर्षांच्या ट्रकला नुसता थर्ड पार्टी विमा मागितला की तोंड फिरवायच्या. उघड नाही म्हणता येत नव्हतं. म्हणून ‘कव्हर नोटचं पुस्तक संपलंय’, ‘सिस्टिम बंद आहे’, ‘साहेब रजेवर आहेत’. सरकारी ऑफिसंही याच भाषेत बोलायला शिकली. मी ट्रकमालकाला मोटारसायकलवर मागं बसवून एका दिवसात चार ऑफिसं फिरलोय. विम्याशिवाय पासिंग नाही, पासिंगशिवाय गाडी उभी, आणि बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही.

१ जानेवारी २००७ ला स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. थर्ड पार्टीचे सरकारकडंच राहिले. ट्रकचा नकार मोडायला त्याच वर्षी एप्रिलपासून मोटार थर्ड पार्टी पूल आला: व्यावसायिक गाड्यांची जोखीम सगळ्या कंपन्यांनी मिळून वाटून घ्यायची. पुलाचा तोटा सगळ्यांचा म्हटल्यावर तो कुणाचाच राहिला नाही. ३१ मार्च २०१२ ला तो पूल बंद झाला आणि एप्रिलपासून दुसरा आला, त्याचं नावच ‘डिक्लाइन्ड रिस्क पूल’. नाकारलेल्या जोखमीचा हौद. तो २०१६ च्या मार्चपर्यंत चालला. पेठेत याची कुणाला खबर नव्हती. एवढंच कळायचं की हप्ता दर वर्षी चढतोय. २०२२ च्या जूनपासूनचा दर मला तोंडपाठ आहे: बारा ते वीस टनांच्या ट्रकला थर्ड पार्टी ३५,३१३ रुपये, कर वेगळा.

फुल इन्शुरन्स म्हणजे सगळं आलं, हा मालकांचा समज. तो मोडण्यात माझी अर्धी जिंदगी गेली आणि तो मोडला नाही. चादरीच्या गाठींबरोबर गाठीवाल्याचा माणूस ट्रकमध्ये बसला, तर १९९४ च्या दुरुस्तीनंतर तो विम्यात येतो, कारण तो मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी. त्याच ट्रकमध्ये लग्नाचं वऱ्हाड बसवलं तर ते येत नाही. आशा राणी प्रकरणात २००२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं हे पक्कं केलं. खाजगी पॉलिसीची जीप वडापला लावली, आत चौदा माणसं कोंबली, तर कंपनी पहिलं बोट पॉलिसीतल्या ‘वापराच्या मर्यादा’ या ओळीवर ठेवते. ड्रायव्हरचं लायसन नीट नसेल, तर स्वर्णसिंग निकालानंतर, म्हणजे २००४ पासून, बहुतेक वेळा कंपनी मेलेल्याच्या घरच्यांना पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. ‘भरा आणि वसूल करा’ हे शब्द ज्या मालकानं पहिल्यांदा कोर्टात ऐकले, त्याचा चेहरा मी पाहिलाय. हप्ता भरल्याच्या पावत्या तो पिशवीतून एकेक काढून वकिलाला दाखवत होता.

ऑनलाइनचा जमाना आमच्या टेबलावर कसा आला ते त्या दुकानाकडं बघून सांगता येईल. टायपिंगवाल्याचं झेरॉक्सचं दुकान झालं, मग नेट कॅफे, मग रेल्वेची तिकिटं आणि सातबारा काढून देणारं केंद्र. टायपिंगवाल्याचा नातू आता फोनवर पॉलिसी काढून देतो. विमा प्राधिकरणानं २०१५ साली ‘पॉइंट ऑफ सेल्स पर्सन’ म्हणून नवी जात निर्माण केली: थोडं प्रशिक्षण, छोटी परीक्षा, की विका. मला २००० नंतर वर्गात शंभर तास बसवलं होतं. त्यामुळं भवानी पेठेत ‘एजंट की ऑनलाइन’ हा वाद कुणी घालत नाही. फोन असलेला माणूस त्या पोराकडं जातो आणि म्हणतो, "ऑनलाइन काढ रे." मधला माणूस आहेच, फक्त तो गाडीजवळ उकिडवा बसत नाही.

मी त्या पोराला नावं ठेवत नाही. पंच्याहत्तर ते दीडशे सीसीच्या मोटारसायकलचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या जूनपासून ७१४ रुपये. २०१७ पासून २०२३ च्या मार्चपर्यंत त्यावर एजंटाचं कमिशन जास्तीत जास्त अडीच टक्के होतं, म्हणजे सतरा रुपये पंच्याऐंशी पैसे. एवढ्यात कोण कुणाच्या पंचनाम्याला जाईल? आणि थर्ड पार्टीचा दर सगळीकडं तोच असल्यामुळं तिथं ऑनलाइन स्वस्त पडतं ही निव्वळ समजूत. स्वस्त पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, आणि तिथं खरंच फरक पडतो. चुलते पाकिटात घालून द्यायचे ते पैसे आता सवलत म्हणून पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसतात, आणि कायदेशीर आहेत. ऑनलाइनचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो वेळेचा. पैसे किती वाजून किती मिनिटांनी आले ते यंत्र लिहितं. कोरी जागा राहतच नाही. आमच्यातल्या खोट्या कागदवाल्यांचा धंदा पोलिसांनी बुडवला त्यापेक्षा जास्त या यंत्रानं बुडवला. आता पोलीस गाडीचा नंबर फोनवर टाकतो आणि विमा आहे की नाही ते तिथंच बघतो. नसला तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड.

गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या जुन्या मोटारीची पॉलिसी संपून चार महिने झाले होते. नव्वद दिवस उलटले, म्हणून नो क्लेम बोनस गेला. एजंटाच्या घरात ही तऱ्हा. पोरानं फोन दिला: गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, चेसिस नंबर दिसला पाहिजे. मी वाकलो, गुडघा कडकडला, नंबर चटकन फोनमध्ये आला. पेन्सिलीची दहा मिनिटं दहा सेकंदांवर आली. मग फॉर्म. नाव, पत्ता, गाडीचा नंबर टाकताच बाकी सगळं आपोआप भरलं. मागचा क्लेम घेतला होता का, हे विचारलं. चालकाच्या हातून माणूस दगावला आहे का, खटला चालू आहे का, तो प्रश्न मी वरखाली करून शोधला. नव्हता. आम्ही खोटं उत्तर तरी लिहीत होतो. इथं प्रश्नच काढून टाकलेला.

२०२१ च्या जानेवारीत विमा प्राधिकरणाच्या कार्यगटानं शिफारस केली होती, की वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांसाठी हप्त्यात वेगळा भाग जोडावा, गुन्ह्यागणिक गुण द्यावेत; दारू पिऊन चालवलं तर शंभर, चुकीच्या जागी गाडी लावली तर दहा. २०२२ च्या जुलैत स्वतःच्या नुकसानीच्या विम्याला ‘कशी चालवता’ यावर हप्ता ठरवणारी जोड द्यायला परवानगीही मिळाली. म्हणजे १९८७ साली अप्पांनी माझा हात धरून जे लिहायला लावलं होतं, तिथं सरकार पस्तीस वर्षांनी पोचतंय. माझ्या पेठेत असा हप्ता भरलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

लोक अजून विचारतात, म्हणून सांगतो. स्कूटर, घरची मोटार, चालवणारे तुम्हीच आणि लायसन साफ असेल, तर ऑनलाइन घ्या. एजंटाला त्यात काही मिळत नाही आणि तुम्हालाही त्याच्याकडून काही मिळणार नाही. ट्रक, टेम्पो, टमटम, वडापची जीप, किंवा घरातली मोटार पण चालवणारा पगारी ड्रायव्हर, आणि त्याच्या नावावर आधीचं काही असेल, तर दहा वर्षं एकाच जागी बसलेला एजंट शोधा, गाडी आणि लायसन घेऊन त्याच्यासमोर उभे राहा आणि गाडी कशाला वापरता ते खरं सांगा. तो फॉर्म स्वतः भरायला लागला तर पेन त्याच्या हातून काढून घ्या.

मी भरत असतो तरी काढून घ्या.